वानखडे मॅडमच्या घरातली गोणपाटं

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, ज्यांच्यासोबत पंचवीस वर्षं एकाच टपरीवर चहा पितो त्या मित्रांनाही नाही. वडिलांना ती कळली होती, पण माझ्या तोंडून नाही. त्यांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि त्यानंतर मी कधी बोलतो याची मरेपर्यंत वाट पाहिली. गोष्ट कुत्र्याच्या एका पिल्लाची आहे. ऐकणारा म्हणेल, एवढंच ना? मीही स्वतःची समजूत बरीच वर्षं याच शब्दांनी घातली.

मलकापूरच्या कडेला, रेल्वेलाइनीपासून हाकेच्या अंतरावर आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात थोडी काकडी. मोठी गाडी गेली की विहिरीच्या पाण्यावर बारीक थरथर उठायची आणि आई चुलीपुढून म्हणायची, “गेली गाडी, उठा आता.” भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे पाहायची कुणाला सवय नव्हती. आई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायची, सोबत ठेचा, नाहीतर आदल्या दिवशीचं भरीत. बाबा, म्हणजे शालिकराम, भाकरीचा तुकडा तोंडात असतानाच सायकलच्या दोन्ही बाजूंना थैल्या अडकवायचे आणि रेल्वेच्या क्वार्टरांत भाजी द्यायला निघायचे. त्या क्वार्टरांतूनच डॉली आमच्या घरी आली. एका साहेबांची बदली लांब कुठं तरी झाली, नव्या जागी कुत्रं ठेवायची सोय नव्हती, आणि त्यांच्या बाईंनी रडत रडत ती अल्सेशियन कुत्री बाबांच्या हवाली केली. साहेबांनी सोबत एक कागद दिला. म्हणाले, “शालिकराम, ये कागज सँभालके रखना, इसमें इसके बाप-दादे हैं.”

बाबा चौथीपर्यंत शिकलेले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. त्यांनी तो कागद माझ्याकडून तीन-चार वेळा वाचून घेतला. डॉलीची आई, आईचा बाप, बापाचा बाप, सगळी विलायती थाटाची नावं. महिनाभरात त्यांना ती पाठ झाली. मग त्यांनी कागदाला काच लावून आणली आणि तो देव्हाऱ्याशेजारी टांगला. आई म्हणाली, “आपल्या खानदानाचा कागद कुठी नाही घरात, अन् कुत्रीचा हाये!” बाबा म्हणाले, “आपला तलाठ्याकडं हाये. हिचा कुठी राह्यणार मंग?” डॉलीसाठी आईनं ज्वारीच्या कण्या ताकात शिजवायला सुरुवात केली. त्यात एक अंडं पडायचं, आणि अंडं आमच्या घरात चालत नव्हतं म्हणून त्याची निराळी चूल गोठ्यामागे मांडली होती. तोंडानं कुरकुर करत आईच त्या चुलीपाशी बसायची, आणि मालगाडीनं भोंगा दिला की डॉली मान वर करून जो सूर लावायची त्याला “झालं हिचं भजन सुरू” असं म्हणायची.

डॉलीसाठी नर पाहायला बाबा निघाले तेव्हाही आईनं त्यांना सोडलं नाही. “पोरीसाठी पोरगा पाहाले जाऊन राह्यले जसे. टोपी तं घाला धुतलेली.” बाबांनी खरोखरच धुतलेली टोपी घातली. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा. हिंदी-इंग्रजी बोलायला म्हणून सोबत होतो. एका शहरात आम्ही एका मोठ्या माणसाकडे गेलो. रंग दिलेले पिंजरे, फळीवर ओळीनं बक्षिसांचे कप, साबणानं धुतलेली चकचकीत कुत्री. मी भारावून गेलो. बाबांनी कपांकडे पाहिलंही नाही. हात मागे बांधून ते अंगणाला एक चक्कर मारून आले आणि मला हळूच म्हणाले, “अठी पायवाटच नाही.” मला कळेना. मग त्यांनी विचारलं, या नराची आई दाखवता का. मालक म्हणाला, ती दुसऱ्या जागी आहे. बाबांनी चहा संपवला, राम राम केला आणि उठले. बाहेर आल्यावर सांगितलं, “जठी कुत्रं मोकळं फिरते तठी कुंपणाच्या कडंकडंनं त्याच्या पायाची वाट पडते. अठी गवत सरकं उभं हाये. म्हंजे कुत्रं पिंजऱ्याबाहेर येतच नाही. अन् जो माणूस माय दाखवत नाही त्याच्याजौळ काय इचारायचं?”

शेवटी पसंत पडला तो अमरावतीकडच्या एका निवृत्त कारकुनाचा कुत्रा. घर साधं, अंगणात धूळ, पण कुंपणाच्या कडेनं बोटभर खोल वाट पडलेली. बाबांनी नराला फाटकापासून झाडापर्यंत चालवायला सांगितलं आणि स्वतः त्याच्या मागे उभे राहिले. पुढून कुणीही देखणं दिसतं, म्हणायचे, कंबर मागून पाहायची. तेव्हापासून आमच्या घरी ही रीतच झाली. पिल्लू न्यायला कुणीही आलं, की बाबा त्या माणसाला फाटकाशी उभं करायचे आणि पिल्लाच्या आईला विहिरीपर्यंत चालवत न्यायचे, परत आणायचे. “पाह्यलं नीट? आता पिल्लू पाहा.” त्याआधी प्रश्न. खामगावहून मोटारसायकलवर आलेल्या, गॉगल लावलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, “घरी दिवसभर कोण असते?” तो म्हणाला, “कोणीच नाही, आम्ही दोघंही नोकरीवर.” बाबा म्हणाले, “मंग कुत्रं काहाले नेता? कुलूप घ्या चांगलं.” तो माणूस हसत गेला, पण मी शरमेनं अर्धा झालो होतो. मला वाटायचं, लोक लांबून येतात, आपल्याला मान देतात, आणि आमचे बाबा त्यांना शाळेतल्या पोरांसारखं उभं करतात. हा मान मला फार आवडत होता. हे आधी कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्याच्यातून आलं.

वानखडे मॅडम आमच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायच्या. दहावीला मी इंग्रजीत गचकलो, तेव्हा त्यांनी मला शाळेबाहेर गाठलं आणि म्हणाल्या, “उद्यापासून संध्याकाळी घरी यायचं. कारणं सांगायची नाहीत.” वर्षभर गेलो. त्यांनी लग्न केलं नव्हतं. भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. माझ्या चुका लाल पेनानं न खोडता शेजारी बरोबर शब्द लिहायच्या, आणि शेवटी पोह्यांची ताटली पुढे करायच्या. ते पोहे कोरडे व्हायचे, त्यांना स्वयंपाक फारसा जमत नव्हता. मी पास झालो तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले, माझ्या वतीनं. पुढे निवृत्तीच्या सुमारास त्यांनी गावाबाहेर नवं घर बांधलं, त्यात पांढरी, आरशासारखी टाइल बसवली, आणि आता घरात कुणीतरी हवं म्हणून कुत्रं घ्यायचं ठरवलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा, गुरांना घालायच्या सरकीच्या ढेपेच्या दुकानात कामाला. स्टाफरूममध्ये चार मास्तरांसमोर मी छाती काढून म्हणालो, “मॅडम, तुमाले मी देतो. आमच्या सोनीचं. सगळ्यात चांगलं निवडून.”

सोनी डॉलीचीच मुलगी, बाबांनी ठेवून घेतलेली. चार वर्षांची होती, दुसरं बाळंतपण, पाच पिल्लं. पिल्लं तीन आठवड्यांची झाली असतील, तेव्हा एके सकाळी ती उठताना दोनदा खाली बसली. मग पळाली ती सशासारखी, मागचे दोन्ही पाय एकदम टाकत. बाबा मेथीच्या वाफ्यात उभे होते, त्यांच्या हातातलं खुरपं तसंच राहिलं. दोन दिवसांनी आम्ही तिला टेम्पोतून अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि उजेडासमोर धरून दाखवला: कमरेच्या सांध्यात मांडीचं हाड नीट बसतच नव्हतं. जन्माचं दुखणं आहे, वय वाढलं तसं दिसायला लागलं, म्हणाले. आता हिला पुन्हा पिल्लं होऊ देऊ नका. या पिल्लांत उतरेल की नाही, आज कुणी सांगू शकत नाही. पण जे नेतील त्यांना सांगून द्या. बाबा परतीच्या वाटेवर एकच वाक्य बोलले. “माह्या डोळ्याले जे नाही दिसलं ते फोटोत दिसलं.”

घरी आल्यावर त्यांनी नियम करून टाकला. ज्यांनी पिल्लं सांगून ठेवली होती त्या प्रत्येकाला आधी सगळं सांगायचं, सोनीला चालवून दाखवायचं, मग ज्याला न्यायचं तो नेईल. कुणी नाही नेलं तर पाचही पिल्लं मळ्यात राहतील. पहिल्याच आठवड्यात दोघे येऊन गेले. एक मुकाट्यानं परत गेला. दुसरा फाटकाबाहेर उभा राहून मोठ्यानं हसला, “कमाल हाये राजेहो! आमाले पन्नास प्रश्न इचारे, अन् घरातच लंगडी निंगाली!” बाबा शांतपणे म्हणाले, “हाव. निंगाली खरी.” ते तिथंच संपलं, त्यांच्यापुरतं. माझ्यापुरतं संपलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात हमाल मला विचारत होते, “काऊन बे पक्या, लंगडीच्या पिल्लायले भाव काय?” मला दिसत होती ती मॅडमची स्टाफरूम, तिथले चार मास्तर आणि माझी फुगवलेली छाती.

त्याच सुमारास वरवट बकालहून निरोप आला. आत्याचे यजमान बैलगाडीवरून पडले होते, ऐन कामाच्या दिवसांत घरात पुरुषमाणूस नव्हता. बाबा आठ-दहा दिवसांसाठी निघाले. सायकलवर टांग टाकण्याआधी मला म्हणाले, “मॅडम आल्या तं सगळं सांगजो. चालवून दाखवजो. त्या शिकलेल्या बाई हायेत, समजून घेतीन. नाही म्हणल्या तं वाईट वाटून नोको घेऊ.” मी मान हलवली.

मॅडमना मी कोणती वेळ दिली तेही सांगतो. आई बाजारात जाते ती. त्या ऑटोनं आल्या. हातात वेताची टोपली, टोपलीत धुऊन घडी केलेली जुनी सुती साडी. मी त्यांना फाटकाशी थांबवलं नाही, थेट गोठ्यात नेलं. सोनी पोत्यावर आडवी होती, पिल्लं पोटाशी. माणूस आलं की उठून जवळ जायची तिला सवय होती, दुखत असलं तरी. म्हणून मी पुढं होऊन मॅडमच्या आधी तिच्याजवळ बसलो आणि तिच्या कमरेवर हात ठेवला. ती उठू पाहायची, मी हात दाबायचा. सोनीला ते लाड वाटले असावेत; तिनं मान वळवून माझं मनगट चाटलं. ती ओलसर जीभ मला आजही आठवते, आणि ती आठवली की मी जिथं असेन तिथं हात पुसतो.

मॅडम खाली बसून पिल्लं पाहू लागल्या. मग सहज म्हणाल्या, “तुझे बाबा आईला चालवून दाखवतात म्हणे. स्टाफरूममध्ये सगळे सांगत होते.”

मी म्हणालो, “ते परक्यायले, मॅडम. तुमाले काय चालवून दाखवायचं? तुमचा इस्वास नाही का माह्यावर?”

त्या ओशाळल्या. खरंच ओशाळल्या, आपण काही अनुचित विचारलं अशा. “अरे, असं कसं म्हणतोस? तुझ्यावर नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?” आणि त्यांनी एक नर पिल्लू उचललं, गुबगुबीत, काळ्या तोंडाचं. जाताना मी सोनीच्या अंगाखालच्या पोत्याचा तुकडा कापून टोपलीत घातला, आईचा वास सोबत असला की पिल्लू रडत नाही म्हणून. ही बाबांचीच रीत. तेवढी मात्र मी पाळली.

बाबा परत आले. पाय धुता धुता विचारलं, “मॅडम आल्या होत्या?” आल्या होत्या. “सांगितलं?” सांगितलं. “चालवून दाखवलं?” दाखवलं. “मंग काय म्हणल्या?” मी म्हणालो, “म्हणल्या, असू दे. मी सांभाळीन.” बाबा पाय धुवायचे थांबले. मग आत जाऊन आईला म्हणाले, “आइकलं का, त्या बाईचं काळीज पाह्य केवढं हाये.” त्या आठवड्यापासून आमच्या घरून मॅडमकडे भाजीची थैली जाऊ लागली, दर सोमवारी, कोवळी वांगी वरती ठेवून. नेणारा मीच. बाबा आणि मॅडम समोरासमोर येऊ नयेत म्हणून मी स्वतःच ते काम मागून घेतलं होतं. मॅडमना वाटायचं, विद्यार्थ्याच्या घरचं प्रेम आहे.

मॅडमनी पिल्लाचं नाव बाळ्या ठेवलं. तो वाढला, उमदा झाला, आणि दहा महिन्यांचा असताना सशासारखा पळू लागला. मॅडम दुकानात आल्या. ढेपेच्या पोत्यांमध्ये उभ्या राहून, पर्स छातीशी धरून त्यांनी मला सरळ विचारलं, “प्रकाश, डॉक्टर विचारत होते, त्याच्या आईला असं काही होतं का?”

दुसरी संधी माणसाला इतक्या स्वच्छ शब्दांत फार थोड्या वेळा मिळते. मी म्हणालो, “नाही मॅडम. सोनी ठणठणीत हाये. तुमची फरशी लय गुळगुळीत हाये ना, वाढत्या पिल्लाचे पाय घसरतात, त्यानं होते असं.” मी कुठं तरी वाचलं होतं की अशा कुत्र्याला घसरडी जमीन वाईट, आणि ते खरंही आहे. त्या खऱ्यात मी माझं खोटं कालवलं, त्यामुळे ते त्यांना लगेच पटलं. त्यांचा चेहरा कसा पडला ते मला सांगता येणार नाही. “म्हणजे माझ्या हौसेनं झालं,” एवढंच म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, “तुझ्याकडे रिकामी पोती मिळतील का रे?”

पोती मीच नेऊन दिली. सायकलवर, तीन खेपांत. त्यांनी दाभण आणि सुतळी आणली, पोती उसवून त्यांची गोणपाटं एकमेकांना जोडली, आणि त्या पांढऱ्या फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरली. शिवताना दुसरं टोक ताणून धरायला मी होतो. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, निजायची खोली, कुठंही टाइल दिसेना. घरात शिरलं की ढेपेचा आणि कापसाच्या धुळीचा वास यायचा. शेजारणी म्हणायच्या, “मॅडम, घर आहे का जिनिंग फॅक्टरी?” मॅडम हसायच्या, पण पाहुण्यांना बोलावणं त्यांनी कमी केलं. त्यांच्या टाचांना भेगा पडल्या. पुढे बाळ्याचा मागचा भाग उचलेनासा झाला, तेव्हा त्या त्याच्या पोटाखालून टॉवेल घालून दोन्ही टोकं हातात धरायच्या आणि त्याला अंगणात न्यायच्या, दिवसातून चार वेळा. पस्तीस किलोचं जनावर. त्याला एकटं ठेवता येत नाही म्हणून त्या भाचीच्या लग्नालाही गेल्या नाहीत. टॉवेल ओढताना पुटपुटायच्या, “चल रे बाळ्या, माझंच चुकलं, चल.” हे मी दर सोमवारी, वांग्यांची थैली हातात घेऊन ऐकत होतो.

एका सोमवारी मी पोचलो तर फाटकाशी बाबांची सायकल उभी. बाळ्याला बरं नाही असं त्यांनी बाजारात ऐकलं आणि परस्पर तिकडे वळले. मी आत गेलो तेव्हा ते खुर्चीवर अवघडून बसले होते, चहाचा कप हातात, नजर खाली गोणपाटावर.

“मॅडम, हे काऊन अंथरलं?”

“अहो भाऊ, माझीच चूक. हौसेनं टाइल बसवली आणि या बिचाऱ्याच्या पायांचं वाटोळं झालं. प्रकाशनं सांगितलं म्हणून कळलं तरी.” मग त्यांना काहीतरी आठवलं. “सोनी कशी आहे? तिला नीट पाहायचं राहूनच गेलं हो माझं. त्या दिवशी बसलेलीच होती ती.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. कप खाली न ठेवता ते म्हणाले, “हाव. बसलेलीच राह्यते ती.”

परत येताना रेल्वेचं फाटक बंद होतं. सायकल धरून बाबा उभे, मी मागे. लांबच लांब मालगाडी गेली. एरवी ते डबे मोजायचे आणि मला विचारायचे, किती झाले. त्या दिवशी त्यांनी डबे मोजले नाहीत. गाडी गेल्यावरही फाटक उघडायला वेळ होता, तेव्हा बोलले, “मी तठीच सांगू शकलो असतो.”

मी खालमानेनं विचारलं, “मंग काऊन नाही सांगितलं?”

“माह्या तोंडून आइकलं असतं तं कुत्र्याचं तं झालंच, वरून त्यायच्या हातून तूबी गेला असता. तुह्या तोंडून आइकलं तं कदाचित राह्यशीन.” मग फाटक वर जाताना म्हणाले, “तोंड तुह्यं, तं बोलनंबी तुह्यंच. मी वाट पाहीन.”

मी म्हणालो, “सांगतो.”

त्या संध्याकाळी बाबांनी देव्हाऱ्याशेजारचा काचेतला कागद उतरवला, धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि पेटीत तळाशी ठेवला. आईनं विचारलं तर म्हणाले, “भिंतीले ओल येऊन राह्यली.” पिल्लांसाठी कुणी आलं की फाटकावरूनच सांगायचे, आता नाहीत. सोनीला त्यांनी शेवटपर्यंत सांभाळलं. मॅडमकडची थैली मात्र बंद झाली नाही. आता ती तेच भरायचे आणि माझ्या हातात द्यायचे. रिकामी थैली घेऊन मी परत आलो की थैलीकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहायचे, आणि मग पुन्हा वाफ्यात वाकायचे. कितीतरी सोमवार असे गेले. त्यांनी मला एकदाही शब्दानं विचारलं नाही, आणि मी कधी सांगितलं नाही. आज वाटतं, एखाद्या दिवशी त्यांनी माझ्या कानाखाली ओढली असती तर मी मॅडमकडे पळत गेलो असतो. पण हाही माझा पळ काढायचाच एक प्रकार आहे.

बाळ्या नऊ वर्षं जगला. तो गेला तेव्हा मॅडमनी मलाच बोलावलं. त्यांच्या परसात, पेरूच्या झाडाखाली मी खड्डा खणला. मॅडम साडीचा पदर दातांत धरून उभ्या होत्या. माती लोटून झाल्यावर म्हणाल्या, “चांगल्या घरचं पिल्लू दिलं होतंस तू. माझ्याच्यानं नीट झालं नाही.” माझ्या हातात फावडं होतं. मी फावड्याला लागलेला चिखल पायानं खरवडत राहिलो. दुसऱ्या दिवशी गोणपाटं गुंडाळायला गेलो, तर खाली टाइल जशीच्या तशी, पांढरी, नवी होती. मॅडम तिच्याकडे पाहून म्हणाल्या, “बघ, हिला काहीच झालं नाही.”

त्यानंतर चार वर्षांनी बाबा गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना दिवसवार कळेनासे झाले होते. मळा विकून झाला होता, भाजी कुठली नि थैली कुठली. तरी एका दुपारी डोळे उघडून त्यांनी मला विचारलं, “थैली नेली का रे?” मी म्हणालो, “नेतो बाबा.” ते माझ्याकडे पाहत राहिले, नेहमीसारखे. मग त्यांनी कूस बदलली.

आता माझं स्वतःचं पशुखाद्याचं आणि औषधांचं दुकान आहे. तालुक्यात कुणालाही जातिवंत कुत्रं घ्यायचं असलं की तो आधी माझ्याकडे येतो. मोबाईल पुढे करून पिल्लाचा फोटो दाखवतो, म्हणतो, “काका, हे मागवून राह्यलो, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येणार हाये, कसं वाटते?” मी सांगतो, फोटोवर जाऊ नको बाप्पा. स्वतः जा. अंगणात पायवाट पडली आहे का पाहा. आई दाखवत नसतील तर चहा पिऊन परत ये. दाखवली तर तिला चालवायला सांग आणि मागे उभा राहा. पिल्लू चाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या आत उचलू नको. आणि जो माणूस तुला काहीच विचारत नाही, त्याच्याकडून घेऊ नको. पोरं म्हणतात, काका एकदम प्रामाणिक माणूस. मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

मॅडम आता उंद्रीला पुतण्याकडे असतात. ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, कान मंद झालेत, आवाज तसाच आहे, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. पुतण्याच्या मुलाला कुत्रा घ्यायचा आहे. “तुझ्याकडेच पाठवते त्याला. सगळं नीट समजावून सांग. मी एकाचं वाटोळं केलं, या पोराच्या हातून नको व्हायला. आणि फरशीचं विशेष सांग हं, प्रकाश. इथं नवीन खोली बांधतायत, मी त्यांना टाइल बसवू दिलेली नाही.”

मी म्हणालो, “सांगतो, मॅडम.”

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की रेल्वे फाटकाशी बाबांनाही मी हाच शब्द दिला होता. ते पोरगं येऊन गेलं. त्याला मी तासभर सगळं समजावलं. फरशीचंही सांगितलं. त्याच्या हातून मॅडमना चिठ्ठी द्यावी असं एकदा मनात आलं, कागदही काढला. पण बाबा म्हणाले होते, तोंडानं. हे प्रकरण लिहिणं त्या मानानं सोपं गेलं, कारण कागद मान वर करून आपल्याकडे पाहत नाही.

उंद्रीला जायला अर्धा दिवस पुरतो. तिथं जाऊन मॅडमच्या समोर बसायचं आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायचं, एवढं मी त्यांचं देणं लागतो: तुमच्या फरशीचा काही दोष नव्हता. बाळ्याची आई लंगडत होती. ते मला माहीत होतं, आणि ती तुमच्यासमोर उठू नये म्हणून मी तिच्या कमरेवर हात दाबून धरला होता.